मावसाजींची वीत

जगात जे जे काही आहे ते आपल्या उजव्या हाताच्या वितीनं मोजता यावं एवढ्यासाठीच देवानं निर्माण केलंय, याबद्दल आमच्या मावशीच्या यजमानांना जन्मात कधी शंका आली नाही. दारव्ह्याच्या शाळेत त्यांनी उभं आयुष्य विज्ञान शिकवलं, पण मीटरपट्टी हातात धरली ती फक्त पोरांना धाकात ठेवायला. "मीटर कोणाचा बी असते, बापू. वीत आपली असते," असं ते मला सांगत. बरं, नुसत्या वितीवर भागेल तर ते मावसाजी कसले! तिचे लगेच आंगस्ट्रॉम व्हायचे. आंगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचे दहा कोटी तुकडे केले तर त्यातला एक. अणू मोजायचं माप. पुढं शास्त्रज्ञांनीही ते अडगळीत टाकलं, तर मावसाजींनी उचलून घरी आणलं. माझ्यासाठी पुसदला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा पोह्यांची बशी बाजूला सारून त्यांनी आधी दिवाण मोजला आणि "आठ वीत! म्हणजे अठराशे कोटींच्या वर झाले," असं खणखणीत जाहीर केलं. कोटी ऐकून मुलीचे वडील पांढरेफटक पडले. लग्न झालं, पण सासरेबुवा अजूनही मावसाजींच्या शेजारी बसायचं टाळतात.

तेव्हाची वर्षं कापसाच्या पडतीची. आज भाव नाही, उद्या बोंडअळी. गावात जो भेटेल त्याचं तोंड उतरलेलं. जिनिंगवर कापूस पाहणारा माणूस बोटांनी रुई ओढून "धागा आखूड आहे" म्हणाला, की मावसाजी पुढं सरसावत. "आखूड? पंचवीस कोटी चाळीस लाख आंगस्ट्रॉम भरते हा धागा! थोडा आहे का?" तो बिचारा हात जोडून म्हणायचा, "गुरुजी, भाव तं तोच राहीन." मावसाजी तरीही जिंकल्यासारखेच घरी यायचे.

अशा माणसाची वीतच गेली. दारव्ह्याहून यवतमाळला जाताना जीपवाल्यानं मागच्या बाकावर आणखी एकाला कोंबलं. माणशी दीड वीतही जागा येत नाही हे सिद्ध करायला मावसाजी बाक मोजत मोजत दारापर्यंत गेले, आणि शेवटची वीत पुरी व्हायला नि ड्रायव्हरनं बाहेरून दार आपटायला एकच गाठ पडली. सापडला तो नेमका अंगठा. पट्टी सुटल्यावर डॉक्टर म्हणाले, "सगळी कामं होतील, फक्त अंगठा एवढाच उघडेल." दुसऱ्या कोणी देवाचे आभार मानले असते. मावसाजी हाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, ही माही वीत होती हो."

मावशी रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून अंगठा चोळायची. मग ते टेबलावर पंजा फाकवून बघायचे. बोटभर कमी ती कमीच. बोलणं सुटलं, जेवण घटलं. मी समजूत म्हणून चांगला टेप नेऊन दिला, तर केवढे भडकले! "ठेव तुह्यापाशीच! टेपले काय समजते?"

आणि एक दिवस स्वतःच उठून त्यांनी त्या आखडलेल्या वितीनं ओसरी मोजली. तेहतीस वितींची ओसरी छत्तीस भरली! त्यांनी मला हाक मारली ती अख्ख्या आळीला ऐकू गेली. "बापू, घर वाढून राह्यलं! साऱ्या जिल्ह्याचं घटून राह्यलं, अन् माह्यं वाढून राह्यलं!" मग त्यांनी अंगण मोजलं, गोठा मोजला, वावराचा बांध मोजला. जे मोजावं ते वाढलेलं. पारावर तोंड पाडून बसलेली माणसं किती दिवसांनी पोट धरून हसली. एक जण तर म्हणाला, "गुरुजी, माह्यं बी वावर मोजून द्या एकडाव!" आणि हे खरंच गेले की हो मोजायला!

सगळं मोजून झालं, तेव्हा मावशी चहा घेऊन दारात आली. "उभी राय," ते म्हणाले.

"अहो, पोरासमोर काय हे!" मावशी लाजली. मग मला म्हणाली, "लग्न होऊन आली तवा बी असंच भिंतीशी उभं केलतं. सात वीत भरली होती मी."

आता तिची कंबर वाकली होती. मावसाजी टाचेपासून निघाले, हळूहळू, एकेक वीत मोठ्यानं मोजत. सातवी वीत तिच्या भांगापाशी बरोबर संपली.

"सात," ते म्हणाले. "तू तेवढीच आहेस."

"झालं ना मोजून? सोडा आता, चहा निवून राह्यला," मावशी म्हणाली. पण ती जागची हलली नाही, आणि त्यांनीही हात उचलला नाही. मी चहा न घेताच अंगणात आलो. डोळे भरून आले होते. सांगायला लाज कसली?