माझ्या वेळी किती गूळ घातला व्हता?

मी देवाला मानते, पण हात जोडून गप्प बसायचा माझा स्वभाव नाही. देवीशीसुद्धा मी भांडते. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलं, तेव्हा महाळुंग्याच्या आमच्या घरात पडल्या पडल्या मी टेकडीवरच्या देवीला सुनावलं होतं, "पोर धडधाकट पदरात घाल, त्याच्या वजनाइतका गूळ तुझ्या दारात वाटीन. पण घालच!" तिनं घातलं. गुटगुटीत, रडकं आणि तीन महिन्यांत चांगलं बाळसं धरलेलं. घरातले सगळे आनंदात होते, एक सोडून.

ती एक म्हणजे आमची थोरली, तनू. वय साडेपाच वर्षं, जीभ माझ्यावर गेलेली. बाळ बघायला पाहुणे आले की ही उंबऱ्यातच बसायची आणि सांगायची, "बाळ झोपलंय. मला बघा आन् जावा." आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. पण नवस फेडायचं ठरलं, गुळाच्या ढेपा घरात आल्या, आणि तिनं विचारलं, "माझ्या वेळी किती गूळ घातला व्हता?" मी बाळाला पाजत होते. बेसावधपणे बोलून गेले, "तुझ्या वेळी कशाला? तू आपसूक आलीस." तिनं ढेपांकडं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजी मी फुकट आले," आणि निघून गेली. त्या दिवसापासून माझ्याशी अबोला. वेणीसुद्धा आजीकडून घालून घ्यायची. एवढ्याशा पोरीचा अबोला आईला किती जड जातो, ते मला त्या आठ दिवसांत कळलं.

नवसाच्या दिवशी सकाळी एक ढेप सापडेना. घर उलथंपालथं केलं. शेवटी सासूबाईंना ती गोठ्यात, गव्हाणीतल्या कडब्याखाली मिळाली, मुंग्या लागलेली, आणि म्हैस तिच्यावर डोळा ठेवून उभी. माझा राग आवरेना. तनूच्या पाठीत एक धपाटा घातला. ती रडली नाही, त्यानंच मला जास्त लागलं. गाडीत ती पुढं बापाशेजारी बसली, मी मागं बाळाला घेऊन. रस्ताभर मनात देवीशी भांडण चालू होतं, "एक लेकरू दिलंस आणि दुसरं काढून घेतलंस की गं! ही कुठली रीत?"

देवळाच्या सभामंडपात नवसाचा मोठा तराजू टांगलेला आहे. बाळाची तुला झाली, त्यानं रडून देऊळ डोक्यावर घेतलं, गुरवकाकांनी गूळ उतरवून देवीपुढं ठेवला. आता निघायचं, तर तनू जाऊन रिकाम्या पारड्यात बसली. मांडी घालून, साखळ्या घट्ट धरून. "माझीपण करा." नवरा समजावून थकला. आमच्याकडं गूळ उरला नव्हता. मी पुढं झाले, पण तिला उचलून बाहेर काढायचा धीर होईना. खरं सांगते, त्या वेळी पहिल्यांदाच मी देवीशी भांडले नाही. एवढंच म्हटलं, "आई, मला नाही जमत. आता तूच बघ."

तेवढ्यात पायऱ्या चढून एक म्हातारे पाहुणे आले. डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर गुळाची गोणी. शिनोलीकडचे होते. सात वर्षांच्या नातवाची तुला करायची होती, पण सकाळी आंघोळ घालताना त्याच्या अंगावर कांजिण्या दिसल्या. देवीच्या नावानं काढलेला गूळ घरात ठेवायचा नाही, म्हणून ते एकटेच घेऊन आले होते. पारड्यातली पोरगी बघून त्यांना हसू आलं. "हिला बसू द्या की, ताई. गूळ देवीचाच हाय. नातवाचं बघू पुढं, देवी काय पळून चालली न्हाई."

त्यांनी सगळ्या ढेपा समोरच्या पारड्यात रचल्या. नातू चांगलाच दणकट असणार, कारण गूळ खाली टेकला आणि माझी काटकुळी पोर वर लटकली. नवरा म्हणाला, "एखादी ढेप काढा." गुरवकाकांनी मान हलवली. "पारड्यात पडलेला गूळ माघारी काढत न्हाईत, भाऊ." तनूनं गुळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आठ दिवसांत पहिल्यांदा. आणि एक हात पुढं केला. "मम्मी, बाळाला दे हिकडं. लवकर दे, मी पडंन!"

नवऱ्यानं पारडं धरलं, मी बाळाला तिच्या मांडीत ठेवलं. सगळ्यांनी हात काढले. दांडी वरखाली झाली, डुलली आणि सरळ झाली. अगदी सरळ. तनूनं बाळाला पोटाशी घट्ट धरलं होतं आणि त्यानं तिची वेणी. मी हसत होते का रडत होते, माझं मलाच ठाऊक नाही.

याला चमत्कार म्हणायचं का, त्या वादात मी पडत नाही. कांजिण्या काय, कुणालाही येतात. त्या पाहुण्यांचं नाव विचारायचंही राहिलं. प्रसादाचा गूळ नातवासाठी बांधून घेऊन ते कधी उतरले ते कळलंच नाही. एवढं मात्र खरं, की दोन लेकरांत माया सारखी कशी वाटायची या काळजीनं आठ दिवस माझा जीव खाल्ला होता, आणि मला जमत नाही असं म्हटल्यावर देवीनं ते काम तनूकडं सोपवलं. देवीचे उपकार मी कशानं फेडू? हल्ली भांडते, पण थोडं कमी.

पाहुणे अजून येतात. तनू अजून उंबऱ्यातच बसते, फक्त बाळ तिच्या मांडीवर असतं. मी आतून ऐकत असते. "बसा की," ती सांगते, "आमाला बघा. आमाला दोघांला मिळून लई गूळ लागला व्हता."