खुर्चीवरचा नमाज

चक्कर येणाऱ्या पेशंटसाठीची आमची इंग्रजी प्रश्नावली अरबीत आणताना मी पार वैतागले होते. 'खाली वाकल्यावर त्रास वाढतो का?' या एका प्रश्नावरच भाषांतर समितीने अख्खा हिवाळा घालवला. शेवटी ख्राइस्टचर्चच्या क्लिनिकमध्ये एका इराकी आजोबांना मी दुभाष्यामार्फत तो विचारला.

"अल्लाची कृपा, त्रास नाही," ते म्हणाले. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तेच. उठताना मात्र त्यांनी भिंत धरली.

"नमाज पढताना काय होतं?" मी विचारलं.

"हल्ली खुर्चीवर बसूनच पढतो. कपाळ जमिनीला टेकवलं की सगळं घर फिरतं."

हा प्रश्न प्रश्नावलीत घाला, असं मी समितीला सांगितलं. मूळ इंग्रजीत नमाज नाही, असं उत्तर आलं. त्यामुळे आमच्या लेखी आजोबा ठणठणीत आहेत.