राजा पादत नाही

ही हकीकत मी आजवर फक्त नवऱ्याला सांगितली आहे. तो म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात? पोरं विसरतात." तेव्हापासून मी त्याला ती सांगितलीच नव्हती असं धरून चालते.

त्याच्याच नोकरीपायी आम्ही साताऱ्याहून म्हैसूरला आलो आणि सरस्वतीपुरममध्ये एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. खाली घरमालक एकटेच राहायचे. सत्तरी ओलांडलेले, पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या राजाच्या फौजेत शिपाई म्हणून आलेले, त्यामुळं घरात मराठीच. पण काय ती मराठी! "स्वल्प थांबा अम्मा, किल्ली आणतो, अय्यो, कुठं ठेवलो की," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले आणि मी ओढणी तोंडाला लावून हसू दाबलं. आयुष्यभर त्यांनी लष्कर मोहल्ल्यात बाइंडिंगचं दुकान चालवलं होतं. शाळांची रजिस्टरं, फाटक्या पोथ्या, जे येईल ते शिवून, पुठ्ठा लावून द्यायचे. माझी लेक त्यांना इथल्या पोरांसारखं ताता म्हणायची, म्हणजे आजोबा. ते तिला पुट्टी म्हणायचे, म्हणजे छोटी.

मला स्वस्थ बसवत नाही हा माझा जुना रोग. आल्याआल्या सहा महिन्यांत मी रविवारी सकाळी हॉलमध्ये मराठीचा वर्ग सुरू केला. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मराठी घरांतली सहा पोरं आणि सातवी माझी. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, कव्हरावर लेबल, रोज पंधरा मिनिटं वाचन, आणि गोष्ट संपली की वहीत तात्पर्य लिहायचं. तात्पर्य लिहिल्याशिवाय गोष्ट संपली असं मी मानतच नसे. सहा पोरं हळूहळू वाचायला लागली. सातवी चौथीत होती आणि पुस्तक दिसलं की तिच्या पोटात दुखायचं.

बरं, ढ म्हणावी तर तसंही नाही. भाजीवाल्याशी कन्नडमध्ये हुज्जत घालून कोथिंबीर फुकट आणायची. पण बोधकथांचं पुस्तक हातात दिलं की बोट पहिल्या ओळीवर आणि डोळे पंख्यावर. मी स्वयंपाकघरातला टायमर आणून तिच्यासमोर ठेवायची. ती पंधरा मिनिटं टायमरच वाचायची. मग मी ओरडायची, ती रडायची, आणि रविवारी बाकीच्या आया विचारायच्या, "तुमची तर भराभर वाचत असेल ना?" मी "हो, हो" म्हणायची. धडधडीत खोटं. वर्ग घेणाऱ्या बाईचीच पोरगी वाचत नाही हे कुठल्या तोंडानं सांगणार?

गणपती झाले आणि रोज संध्याकाळी खालच्या पायऱ्यांवरून हसण्याचा आवाज यायला लागला. आजोबा "हौदा? हौदा?" म्हणजे "खरंच?" असं ओरडायचे आणि माझी लेक खिदळायची. मला वाटलं, म्हातारा काहीतरी विनोद सांगतोय आणि कार्टी वेळ घालवतेय. एक दिवस कणकेच्या हातानं तशीच खाली गेले. तिच्या मांडीवर एक पुस्तक होतं. मूळ कव्हर गेलेलं, पण नवा जाड पुठ्ठा, पाठीला लाल कापड, आणि वरच्या लेबलावर जांभळ्या स्केचपेननं तिच्या अक्षरात नाव लिहिलेलं: राजा पादत नाही.

"शी! हे काय?"

"रद्दीत सापडलं अम्मा," आजोबा म्हणाले. "पुढची चार पानं नाहीत, शेवट पण नाही. तुमची मराठी अक्षरं दिसली, म्हणून पुट्टीला बांधून दिलं. मागं कोरी पानं लावलोय, शेवट तिनंच लिहायचा."

मी पुस्तक उघडलं. राजाच्या आईनं त्याला लहानपणी बजावलेलं असतं, की राजे लोक पादत नाहीत. म्हणून तो बिचारा दाबून ठेवतो. पोट फुगतं, सिंहासन रुंद करतात, मग राजवाड्याची दारं काढतात, आणि सगळे वैद्य नाकाला रुमाल लावून लांबूनच नाडी बघतात. एवढं चाळून मी पुस्तक मिटलं. "वाचायचं तर काही चांगलं वाच. तुझी पंधरा मिनिटं झाली का?" म्हटलं आणि तिला वर घेऊन गेले. पोरीच्या मांडीवर पुस्तक होतं आणि तिचं बोट ओळीवर होतं, हे मला दिसलं होतं. मी फक्त पादणंच पाहिलं.

त्याच सुमाराला साताऱ्याहून माझ्या आईनं चटणीच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवल्या होत्या. लेक जमिनीवर बसून ते चुरगळलेलं वर्तमानपत्र सरळ करत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. मी म्हटलं, "पसारा करू नकोस." कपाळ माझं. वाचत होती ती!

नवरात्र आलं. इथं सरस्वतीपुढं पुस्तकं मांडून पूजा करतात. एकदा पूजा झाली की दशमीपर्यंत त्या पुस्तकांना हात लावायचा नाही. दशमीला ती उचलायची आणि आपापल्या पुस्तकातलं थोडं मोठ्यानं वाचायचं. मला ही रीत फार आवडली. मी वर्गातल्या पोरांना सांगितलं, आपापलं सगळ्यात आवडतं पुस्तक आणा. मीच सांगितलं बरं का. आमच्याकडची पाटीवरची सरस्वतीही काढली, शेवंतीच्या माळा आणल्या, पोरांच्या आयांना बोलावलं. लेकीनं आजोबांना बोलावलं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात केळी घेऊन, दारातल्या खुर्चीवर बसले.

आरती झाली. मी पुस्तकांवर हळदीकुंकू वाहिलं, फुलं ठेवली. तेवढ्यात एक आई पुढं वाकली आणि मोठ्यानं वाचू लागली, "राजा पाद... अगं बाई!" आणि सगळ्या बायका फस्सकन हसल्या. खाकी कव्हरांच्या ढिगाखाली दबू नये म्हणून कुणीतरी ते पुस्तक सगळ्यात वर ठेवलं होतं. लेबलावर मीच, न बघता, लावलेलं कुंकू.

माझ्या कानातून वाफा निघाल्या. मी ते पुस्तक ओढून काढलं. वरची फुलं खाली पडली.

"आई, पूजा झाल्यावर हात लावायचा नसतो," लेक म्हणाली. "तूच सांगितलंस."

"पुस्तकाला लावायचा नसतो. हे पुस्तक आहे का? देवीपुढं ठेवायची वस्तू आहे ही? लाज कशी वाटत नाही?"

"अम्मा, असू दे की," आजोबा उठून म्हणाले. "मूल आहे."

"तुम्ही मध्ये पडू नका आजोबा. तुमच्यामुळंच हे सगळं झालंय."

सगळ्या बायकापोरांदेखत मी हे बोलले. त्यांनी केळी खुर्चीवर ठेवली आणि कठडा धरून एकेक पायरी खाली उतरून गेले. मी पुस्तक कपाटावरच्या सुटकेसमध्ये कोंबलं आणि त्याच्या जागी बोधकथा ठेवली. लेकीकडं मी पाहिलं नाही. रडत असणार, असं वाटलं. नंतर कळलं की रडलीसुद्धा नव्हती.

दशमीला पोरं ओळीनं बसली आणि एकेक पान वाचू लागली. लेकीची पाळी आली. मी तिच्या हातात बोधकथा दिली. तिनं पुस्तकाकडं बघितलं आणि म्हणाली, "पोटात दुखतंय." आया हसल्या. मीही हसले, मेली! त्यानंतर ती संध्याकाळी खाली गेली नाही. पंधरा मिनिटांना नाही म्हणायची नाही, मुकाट टायमरसमोर बसायची, घंटा वाजली की उठायची. पान एकदाही उलटायची नाही.

दिवाळीनंतर आजोबांचे गुडघे फारच धरले. त्यांची मुलगी पिरियापट्टणला दिलेली, ती न्यायला आली. निघताना ते किल्ली द्यायला वर आले. एवढ्या पायऱ्या चढून! मला खाली बोलवायचं की नाही? पण बोलावलं नाही त्यांनी.

"अम्मा, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "त्या राजाचं पुढं काय झालं? पुट्टी लिहून ठेवलोय म्हणाली होती. दशमीला वाचते म्हणाली होती. ऐकायचं राहिलं बघा."

"तुम्हाला माहीत नाही? तुम्हीच तर सांगत होता ना तिला रोज?"

"मी?" ते हसले. "अय्यो अम्मा, मला ही अक्षरं कुठं येतात? आमची मराठी तोंडातली. कागदावर कन्नड तेवढं येतंय. तीच वाचायची, मी ऐकायचो. एक पान रोज. पहिल्यांदा लई अडायची, मग काय जोरात!"

ते गेले आणि मी दार लावून तिथंच उभी राहिले. पोरीनं अख्खं पुस्तक वाचलं होतं. रोज एक पान, मोठ्यानं, न सांगता, कुणा एका माणसाला तिच्याशिवाय ते कळणार नव्हतं म्हणून. ज्याच्यासाठी मी दोन वर्षं टायमर बडवत होते ते माझ्याच जिन्याखाली झालं होतं, आणि ते मी देवीपुढून ओढून काढून सुटकेसमध्ये टाकलं होतं.

सुटकेस काढली. लेबलावर कुंकू तसंच होतं. छापलेली गोष्ट अर्ध्यावरच संपत होती: फुगलेल्या राजाला मिरवणुकीसाठी हत्तीवर बसवतात, हत्ती एक पाऊल टाकतो आणि... पान फाटलेलं. त्यापुढच्या कोऱ्या पानावर जांभळी अक्षरं होती.

"आणि राजा पादला. एवढा मोठा आवाज आला की चामुंडी टेकडीवरचे लोक म्हणाले काय झाले. हत्ती घाबरला. मग सगळे गप्प बसले कारण राजाची आई आली. राजा म्हणाला सॉरी. मग राजाची आई हसली. खूप हसली. समाप्त. तात्पर्य नाही."

मी पलंगावर बसून रडले. संध्याकाळी पुस्तक तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "चुकलं गं माझं." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "ठेव तिथं," म्हणाली आणि खेळायला गेली. नऊ वर्षांची पोर.

पुढच्या रविवारी मी वर्गाला सुट्टी दिली आणि तिला घेऊन पिरियापट्टणच्या बसमध्ये बसले. पुस्तक माझ्या पिशवीत. वाटेत मी दोनदा म्हटलं, "तातांना वाचून दाखवशील ना?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. आजोबांच्या मुलीच्या घरामागं तंबाखू सुकवायची भट्टी होती आणि अंगणभर तो उग्र वास. आजोबा ओट्यावर पाय लांब करून बसले होते. लेकीला बघून त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला तिथं उभं राहवेना. मी त्यांच्या पायांना हात लावला. "आजोबा, त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले. माफ करा." ते म्हणाले, "बसा की अम्मा, कॉफी घ्या."

कॉफी झाली. जावई, मुलगी, शेजारच्या दोन बायका, सगळे भोवती. मी पुस्तक लेकीपुढं धरलं. तिनं हात मागं घेतले.

"तू वाच," ती म्हणाली.

"अगं, पण तू लिहिलंयस..."

"तूच वाच. मोठ्यानं."

काय करणार? वाचलं. परक्यांच्या ओट्यावर बसून मी, मराठीची बाई, राजाच्या पोटापासून सगळं मोठमोठ्यानं वाचलं. आजोबा मध्येमध्ये कन्नडमध्ये मंडळींना सांगत होते आणि मांडी थोपटून हसत होते. शेजारणींनी पदर तोंडाला लावले. हत्ती आला, राजा पादला, चामुंडी टेकडी झाली. लेक माझ्याकडं बघत नव्हती, जमिनीवर बोटानं काहीतरी काढत होती. मग ती ओळ आली. "मग राजाची आई..." एवढंच वाचलं आणि माझा आवाज गेला. पुढचा शब्द समोर दिसत होता. निघेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. 

लेकीनं वर पाहिलं. "आई, तिथं रडायचं नसतं," ती म्हणाली. अगदी माझ्याच वर्गातल्या आवाजात. मग सरकून जवळ आली, पुस्तक माझ्या हातातून घेतलं, ओळीवर बोट ठेवलं.

"मग राजाची आई हसली," तिनं वाचलं, आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबली.