उन्हात ठेवलेल्या बाटल्या

खरं सांगते, त्या बाईच्या कानाचा मला हेवा वाटायचा. कानात दागिना होता म्हणून नव्हे, कान भुंडाच होता. पण तो मडक्याला लावला की आत काय चाललंय ते तिला कळायचं. मला मेलीला काही म्हणता काही कळत नसे.

माजरीकडच्या खाणीवर मॅनेजर साहेबाच्या बंगल्यात मी स्वयंपाक करायचे. नवरा गेल्यावर मूल गावी भावाच्या दारात पडून भावजयीची तोंडं बघण्यापेक्षा हे बरं म्हणून आले होते. साहेबाला घरी फिकी बियर करायचा भारी नाद. थंडी पडली की जव भिजवायचे, मटकीला आणतो तसे मोड आणायचे, वाळवून भरडायचे. मग पितळेच्या गंजात गरम पाण्यात झाकून ठेवायचे, फडक्यातून गाळायचे आणि त्या पाण्यात पोस्टानं येणारी कडू वाळकी फुलं टाकून उकळायचं. निवलं की पावाचं खमीर घालून मडक्यात. तीन हिवाळे हे सगळं माझ्या हातचं. साहेब प्यायचा आणि म्हणायचा, "ठीक है." बस्स, एवढंच.

मग भांडी घासायला ती आली. जंगलाकडची गोंड बाई, माझ्याच वयाची. पहिल्याच आठवड्यात माझ्या मडक्यापाशी थबकली, वाकली, कान लावला.

"बाई, हे अजून बोलून राह्यलं, आत बुडबुडे फुटून राह्यले. बाटल्या भरू नोका."

"तुले काऊन पंचाईत? भांडे घास!"

नेमकं साहेबानं ऐकलं. मोहाची दारू गाळणाऱ्या घरातली बाई आहे, तिला ठाऊक असेल, म्हणाला, आणि मला चार दिवस थांबवलं. त्या खेपेची बियर प्यायला आणि "वाह!" म्हणाला. माझी चूल, माझा गंज, माझे हात, आणि वाह म्हणताना बघतो कुणाकडे, तर तिच्याकडे! अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या रात्री मी जेवलेसुद्धा नाही.

माघात साहेबानं सांगितलं, मेमसाहेब विलायतेला चालल्या, उन्हाळ्यापासून घरात एकच बाई ठेवणार. दोघींनी एकेक मडकं लावा, जिची बियर चांगली ती राहील. हसत हसत सांगितलं हो! त्याचा खेळ होता. मला मात्र भावजयीचं तोंड दिसायला लागलं.

एकाच दिवशी दोघींनी मडकी लावली. ती रोज सकाळी आपल्या मडक्याला कान लावायची आणि न सांगता माझ्याही.

"तुमचंही बोलून राह्यलं, बाई. दोन रोज थांबा."

वा गं वा! मले थांबवते आणि आपण पुढं जाते काय? दुपारी ती विहिरीवर गेली तशी मी भराभरा बाटल्या भरल्या. साहेब चमचाभर साखर घालायला सांगायचा. मी प्रत्येकीत गुळाचा चांगला खडा टाकला, चव यायला नको? बुचं ठोकली, वरून माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्यांनी करकचून बांधली. आणि आईनं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या असत्या तशा ओळीनं मागच्या ओट्यावर उन्हात ठेवल्या. लोणचं उन्हात मुरतं, मग हे काऊन नाई?

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली फुटली. साहेबाला वाटलं खाणीत सुरुंग उडाला. तो बाहेर येईस्तोवर सगळ्या फुटल्या होत्या. ओटाभर काचा आणि फेस.

"किसने बंद किया?" साहेब ओरडला. ओरडला माझ्यावर नाही, तिच्यावर. बाटल्या कधी भरायच्या ते तीच सांगायची ना!

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी. ती खाली बसून काचा वेचायला लागली होती. काचांबरोबर एकेक हिरवी चिंधी उचलायची आणि कमरेला खोचायची. त्याच लुगड्याचा तुकडा मी तिला भांडी पुसायला दिला होता, तेव्हा चिंध्या कुणाच्या ते तिनं ओळखलंच. साहेबानं परत विचारलं.

"मीच केल्या, साहेब," ती म्हणाली.

संध्याकाळी गाठोडं बांधत होती तेव्हा मी दारात गेले. "काऊन बोललीस तसं?" एवढंच तोंडातून निघालं.

"मले तं जंगलात घर हाय, बाई. तुमाले कुठी हाय?"

रडू यायला हवं होतं. आला तो रागच. हिला घरही आहे, कानही आहे, आणि वरून मला देण्याइतकं मनही आहे! जाताना मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तिचं मडकं कोठीत तसंच होतं. साहेब म्हणाला, अब तुमही देखो. मी दार लावून घेतलं, खाली बसले आणि मडक्याला कान लावला. आधी उजवा, मग डावा. गार माती लागली. बाकी काही ऐकू आलं नाही.