जालन्याच्या संग्रहालयात गाडीची वाट पाहणारी बाई

नाशिकहून निघताना सूनबाईंनी विचारलं, "बाबा, जालन्यात बघण्यासारखं काय आहे?"

मी म्हटलं, "भाची."

भाची म्हणजे माझ्या अक्काची वैशाली. गाव आष्टी, तालुका परतूर. औरंगाबादला नाट्यशास्त्र शिकली आणि तेव्हापासून नाटकातच रमली. पथनाट्यं, बालनाट्यं, स्पर्धेतली नाटकं, जिथं काम तिथं ही. अलीकडे ती संग्रहालयांतून काम करते. जुन्या वस्तूंच्या शेजारी नट त्या काळातला माणूस होऊन बसतो. पडदा नाही, घंटा नाही. तुम्ही बोललात तर तोही बोलतो. अट एकच, काहीही झालं तरी त्या काळाच्या बाहेर यायचं नाही.

पुण्याच्या एका संग्रहालयाने तिला कायमचं बोलावलं होतं. नेमकी तेव्हाच आष्टीजवळच्या एका शाळेत कारकुनाची जागा निघाली. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, शाळेच्या बाजूचे. लेकीचं एकही काम त्यांनी पाहिलेलं नव्हतं. शेवटी वैशालीने शब्द दिला, "आबा, जालन्याला आठवडाभर प्रयोग आहे. एकदा बघा. मग तुम्ही म्हणाल तसं. नको म्हणालात तर शाळेत लागते." दाजींना जालन्यापर्यंत आणायची कामगिरी माझ्यावर आली.

दिवसाची गाडी धरा, असं मी सर्वांना सांगेन. औरंगाबाद मागे पडलं की काळी माती सुरू होते आणि जानेवारीत तिच्यावर हरभरा, ज्वारी, करडई अशी काही सजते की जन्मभर वर्गात कविता शिकवलेल्या माणसाचे ओठ आपोआप हलू लागतात. माझे हलले. समोरच्या बाईंनी आपल्या मुलाला हळूच पलीकडे सरकवलं.

परतूरला उतरलात की स्टेशनबाहेर भजी खा, मिरची मागून घ्या. पुढे आष्टीला काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे नेमकं काय, हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. कंबर नाजूक असेल तर मागची सीट टाळा. माझी नाजूक आहे, आणि मला मागचीच मिळाली.

अक्काने ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी केली होती. उन्हं उतरल्यावर शेतात हुरडा. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची, चोळायची आणि गरम दाणे तिळाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. कवितेचा नाद सुटलेल्या माणसालाही तो पुन्हा लागेल. मी आभाळाकडे बघत एखादी ओळ जुळवत होतो, तेवढ्यात दाजी म्हणाले,

"गुरुजी, खरं सांगा. पोरगी करती काय तिथं?"

"बसते. जुन्या स्टेशनावर गाडीची वाट बघत बसते."

"गाडी येती का?"

"येत नाही. संग्रहालय आहे ते."

दाजींनी माझ्या ओंजळीत दाणे ओतले. "न येणाऱ्या गाडीची वाट पाह्याला लोक पगार देऊन राह्यले? आमच्या फाट्यावर फुकट पाह्यतात की हो!"

अक्का हसली. दाजी मात्र हसले नाहीत. "उद्या येतो. पाह्यतो आन् सांगून टाकतो. बिलकुल जल्दी."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप, परतूर, आणि तिथून तासाभरात जालना. अक्काने धपाटे बांधून दिले होते. स्टेशनवरून रिक्षाने गेलो. भाडं आधीच ठरवून घ्या, आणि वाटेत मोसंबीचा रस चुकवू नका.

एका जुन्या गोदामात कुणा हौशी मंडळींनी निजामाच्या काळातलं स्टेशन मांडलं होतं. तिकिटाची खिडकी, पितळी घंटा, हिरवे-तांबडे कंदील, समोर आडवी दोरी आणि 'हात लावू नये' अशी पाटी. आत लाकडी बाकावर नऊवारीतली तरुण बाई बसलेली. पायाशी पत्र्याची ट्रंक.

"वैशाली!" दाजी मोठ्याने म्हणाले.

तिने पदर सावरला आणि परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "काका, हैदराबादची गाडी कोणत्या बाजूनं येती?"

"ओळख दाखवून न्हाई राह्यली, गुरुजी!" दाजींचे कानच लाल झाले. मी त्यांना बाजूला घेऊन काळाबाहेर न यायची अट समजावली.

तिची गोष्ट साधी होती. नर्सचं शिकायला हैदराबादला निघालेली मुलगी, घरून सोबत कुणी आलेलं नाही. कॉलेजच्या मुलींचा घोळका आला. एकीने विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटती ना. म्हणून तर ट्रंक पायाशी घेतली. पळायला लागले तर आडवी येईल."

मुली हसत पुढे गेल्या. गोदाम रिकामं झालं. बाकावर ती एकटी, हात मांडीवर, नजर नसलेल्या रुळांकडे. ती काही करत नव्हती. तरी मला त्या रुळांवरचं ऊन दिसू लागलं, खरंच सांगतो.

दाजी बराच वेळ उभे होते. मग वाकले आणि दोरीखालून आत शिरले.

"ओ काका!" पहारेकरी धावला. "आत जायचं न्हाई! वस्तू हायेत तिथं!"

"वस्तू काय सांगतो? बाईमाणूस एकटं बसलंय ठेसनावर. गाडी येईस्तोवर कोणी नको का जवळ?"

आमच्याकडची ही जुनी रीत. परगावची बाई फाट्यावर एकटी गाडीसाठी थांबली असली की गावातलं एखादं वडीलधारं माणूस जरा अंतर राखून बसतं. बोलत नाही, पण गाडी येईपर्यंत उठतही नाही. दाजी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. पहारेकऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. त्याने मान फिरवली.

आता येणाऱ्यांना वाटे, म्हातारबाबाही नाटकातलेच. एक बाई मुलांना घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आणि काका, तुम्ही कोण?"

वैशालीची बोटं पदरावर घट्ट झाली. 'बाप' म्हणाले असते तर सारा काळ तिथंच कोसळला असता.

"मी व्हय? मी ह्यांना गाडीत बसवून द्याला आलो."

"नात्यातले का?"

"त्याला नातं कशाला पाह्यजे?"

दुपारी त्यांनी धपाटे सोडले आणि मध्ये ठेवले. तिने एक उचलला. "चांगले हायेत. तीळ जास्ती झाले." दाजींच्या मिशा हलल्या, पण ते हसले नाहीत. नट झाले होते ना!

मग तिने सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलेला प्रश्न त्यांनाही विचारला. "काका, घरून निरोप आलाय, परत फिर म्हणून. काय करू?"



"ट्रंक कोणी भरली?" दाजींनी विचारलं.

"मीच."

"मंग ज्यानं भरली त्यानं ठरवायचं."

संग्रहालय बंद होईपर्यंत ते उठले नाहीत. बाहेर चहाच्या टपरीवर वैशाली आली, अंबाडा सोडलेला, डोळे चमकत होते. "आबा, मग?"

"मंग काय? ते त्या बाईला सांगितलं. तिचं आन् तुझं एक धरू नको."

तिचा चेहरा पडला. चहा तसाच राहिला. दिल्या शब्दाला ती पक्की आहे, बापावरच गेलीय. ती प्रयोगासाठी जालन्यातच राहिली, आम्ही दोघं परतूरच्या गाडीत बसलो. करडईची पिवळी शेतंही मला कोरडी वाटली.

परतूर स्टेशनबाहेर त्या शाळेचे सचिवच भेटले. "आबा, पोरगी कधी रुजू होती? जल्दी सांगा, दुसरे लोक मागं लागलेत."

"देऊन टाका दुसऱ्याला."

"आँ? काहून?"

"तिला सवड न्हाई. कामावर है."

"कसल्या कामावर?"

"वाट पाह्याच्या."

"हे काय काम झालं?"

"एक दिवस बसून पाहा, लोकायला गाडी दिसंल असं. मंग बोला."

मी तसाच फोनच्या दुकानात शिरलो. दाजींनी सचिवांना काय सांगितलं ते ऐकून वैशाली म्हणाली, "मामा, आबांना द्या ना." दाजींनी फोन हातात घेतला नाही. दारातूनच ओरडले, "तिला म्हणा, तीळ तिच्या मायनं टाकलेत, मी न्हाई!"

आता नाशिकला खिडकीशी बसून हे लिहितोय. कंबर अजून जीपची आठवण काढते. ते मांडलेलं स्टेशन उठलं, तेव्हा त्यासाठी जाऊ नका. हुरड्यासाठी जा, आणि फाट्यावर एकटं कुणी दिसलं तर घटकाभर टेका. मी मात्र हिशोब करतोय, की कविता शिकवताना मी कधी तिच्या आत जाऊन बसलो का, की दोरीबाहेरूनच पाटी वाचत राहिलो?

परवा दाजींचा फोन आला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

"गुरुजी, ती बाई पुढं नर्स झाली का?"

"झाली असेल की."

"असंल काय? वैशालीला विचारा. तिला ठाऊक असंल."

मी पुण्याला फोन लावला. वैशाली ऐकून हसली.

"मामा, मी तर तिला बाकावरून उठवलंच नव्हतं कधी. आबांना म्हणावं, थोडे दिवस द्या."