इंजिनाकडे पाठ

प्रवाशाचे नाव : उखा झिपरू बोरसे. वय : एकोणसाठ. राहणार : पांडेसरा, सुरत. व्यवसाय : कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये कलर मास्टर. प्रवास : सुरत ते कोलकाता. कारण : नारिंगी रंग पिवळ्यावर गेल्याची तिथल्या व्यापाऱ्याची तक्रार. आसन : सतरा-ए, खिडकी, डावी बाजू. प्रवाशाने संपूर्ण प्रवास नेमून दिलेल्या आसनावर केल्याची नोंद आहे.

आसन कोणी नेमून दिलं नव्हतं. उखाने ते स्वतः निवडलं होतं आणि त्यात चार दिवस घालवले होते.

उखाचं गाव अमळनेरच्या अलीकडे. तिथे थोरला भाऊ सुकदेव एकटा राहतो. गुडघ्यांमुळे सुरतेला येणं त्याने सोडलंय. धाकटा विमानात बसणार हे ऐकून तो फोनवर आधी हसला, मग म्हणाला, "आपला गाववरतीन जाई का रे?"

"जाई," उखा म्हणाला. त्याला तसं मिलमध्ये कुणीतरी सांगितलं होतं.

मग ठरलं. उखाने त्याच तक्रारीच्या मालातला शंभर मीटरचा नारिंगी ताका गावाला पाठवला. सुकदेवने तो खळ्यावर अंथरून शेजारी उभं राहायचं. उखाने वरून बघायचं. प्रश्न एवढाच उरला, की कुठल्या खिडकीतून.

मिलमध्ये दोन तट पडले. फोल्डिंगचा योगराज म्हणाला, "उजवीकडे ऊन येतं, डोळे दिपतील." बॉयलरवरचा नरेंद्र म्हणाला, "बाजूचं सोड, पंख टाळ. पंख आला की संपलं." नरेंद्र विमानात कधी बसला नव्हता, पण फार ठाम होता. उखाने दोघांचं पटवून घेतलं आणि त्याला काहीच कळेनासं झालं.

"आबा, डावी की उजवी?" मुलगी उज्ज्वला मोबाइल धरून विचारत होती. "सीट संपतायत."

शेवटी उखाने अनुभवाला विचारलं. पस्तीस वर्षं तो भुसावळच्या गाडीने गावी जातोय. गाव नेहमी डाव्या हाताला येतं.

"डावी."

"नक्की ना?"

"पस्तीस वर्षं काय झोपलो होतो का मी गाडीत?"

विमानात पट्टा बांधल्यावर उखाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्याने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. समोरासमोर बसायची सोयच नव्हती. रंगाच्या वाफेने उखाचे डोळे कायम लाल; गाडीत धूळ सोसत नाही म्हणून तो पस्तीस वर्षं इंजिनाकडे पाठ करून बसत आला होता. त्याचा डावा हात म्हणजे गाडीची उजवी बाजू. हे त्याला विमान हवेत गेल्यावर कळलं.

पट्ट्याचा दिवा विझताच तो उठला. उजव्या खिडकीत स्वेटर घातलेल्या एक बाई होत्या.

"बहनजी, जरा इधर से देखना था."

"इधर क्या है, अंकल?"

"मेरा भाई."

"कहाँ?"

"नीचे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर सरकल्या.

उखा काचेला नाक लावून बसला. खाली सगळं मातकट होतं, चौकोनच चौकोन. गावं होती, पण एकावरही नाव नव्हतं. मग एका ठिकाणी सुतासारखं काहीतरी नारिंगी दिसलं. उखाने हात वर केला, पण नजर कलर मास्टरची. हा आपला नारिंगी नाही. पिवळ्यावर गेलाय. म्हणजे ताका दुसऱ्याचा? की उन्हाचा फरक? की व्यापारी खरं बोलतोय? तेवढ्यात ते मागे गेलं.

कोलकात्याला उतरल्या उतरल्या सुकदेवचा फोन.

"दिसना का ताका?"

"हा, दिसना, दादा."

"सकायपाईन तीन इमानं गयात. मी तिन्हीस्ले हात दखाडा. तुन्हं कोनतं व्हतं?"



"मधलं," त्याने ठोकून दिलं.

"मी म्हनी ऱ्हायंतू ना!" सुकदेव म्हणाला. "मधलंच जरा हळू व्हतं."

त्या दुपारी व्यापाऱ्याने साडी समोर टाकली, तेव्हा उखाने वाद घातला नाही. पिवळ्यावर गेलाय, म्हणाला, मी वरून पाहिलंय.

सतरा-ए कोलकात्यापर्यंत रिकामी होती.