स्वयंपाकघरातला फणस

वादळात उन्मळलेला फणस सुमतीकाकूंच्या स्वयंपाकघरात अजून तसाच आडवा आहे. कौलं फोडून आत आलेल्या त्या खोडाखालून वाकून काकू चुलीपर्यंत जातात. एका फांदीवर त्यांची साडी वाळत असते.

मी आमच्या पक्षाची पत्रकं आणि करवत घेऊन गेलो, तर काकू ओरडल्याच, "हात नको लावूस हो! पंचनामा व्हायचाय. झाड काढलंस तर साहेब विचारणार, घर मोडलं कशानं?"

खरंच आहे. इथे मोडलेलं घर मोडलेलंच जपून ठेवावं लागतं, नाहीतर भरपाई विसरा. मंत्री येऊन म्हणाले, आधीच्या सरकारनं काही तयारीच केली नव्हती. मग आधीचे आले आणि म्हणाले, हे सरकार झोपलंय. दोघांनीही याच फणसाशेजारी उभं राहून फोटो काढले. वादळ कुणाच्या हातात नसतं, हे मलाही कळतं. पण एक माणूस पाठवून हे झाड बघून घेणं, तेही कुणाच्याच हातात नव्हतं? आमच्या पत्रकात दोष कुणाचा ते ठळक छापलंय, करवतीला धार आहे, आणि मी त्याच खोडाला टेकून काकूंचा चहा पितोय.

"हे बघ," काकूंनी एक फांदी वाकवून दाखवली. फणसाची काही मुळं अजून मातीत होती. फांदीला कोवळी पालवी फुटली होती.

"आता साहेब आले की म्हणतील, झाड तर जिवंत आहे, बाई! तुम्हीच त्याच्याभोवती घर बांधलंत."